ओढीचा पंखा

या माणसानं माझ्या घरातला पंखा जाळला होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कोणी मला नावं ठेवू नयेत.

मे महिना होता, आणि सोलापूरचा मे म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको. आमच्या वर्कशॉपमधले मिस्त्री काहीतरी चावी द्यायला घरी आले होते. बायको सहज म्हणाली की पंखा नुसताच फिरतो, वारं काही लागत नाही. झालं. मिस्त्रींनी चावी खिशात परत टाकली, स्टूल ओढलं, वर चढले आणि पंख्याची तिन्ही पाती हातानं एकेक करून पिळली. मी ओरडेपर्यंत काम उरकलं होतं. खाली उतरून बटण दाबलं. पहिली पाच मिनिटं असं वारं सुटलं की टेबलावरचं वर्तमानपत्र उडालं. बायको खूश. मग पंख्याचा आवाज बदलला. तो घुमायला लागला, हळू झाला, आणि खोलीत जळकट वास यायला लागला.

मिस्त्री त्याच्या बरोबर खाली मांडी घालून, बशीत चहा ओतून, वर बघत बसले होते. मी म्हटलं, अहो बंद करा. तर म्हणाले, "थांबा की सायेब. घास मोटा दिला, मोटारला पेलंना. फेरं पडलं. आता तापंल बघा." मी बटणापर्यंत पोचलो तेव्हा धूर निघाला होता. मिस्त्रींनी उरलेला चहा शांतपणे प्यायला. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. स्टुलावर मी चढलो नव्हतो हो, पण ते कोणाला सांगणार.

पुढच्या दोन रविवारी त्यांनी घरी येऊन मोटारीची जळलेली तार स्वतः नव्यानं गुंडाळून दिली, पाती होती तशी केली. माफी वगैरे काही नाही. उलट जाताना विचारलं, "आता कळलं न्हवं?"

चीड याचीच येते की खरंच कळलं होतं.

तेव्हा मी नवाच होतो. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. बार्शीतून डिप्लोमा घेऊन आलेलो, सोलापुरातल्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये ओव्हरसियर, नोकरी अजून पक्की व्हायची होती. भीमेवरच्या धरणात पाणी चढत होतं आणि जेऊरच्या अंगाच्या कितीतरी गावांच्या वाटा त्या पाण्याखाली गेल्या होत्या. कालपर्यंत बैलगाडीनं स्टेशनाला येणारी माणसं आता पाण्याच्या पलीकडं अडकली होती. त्यांच्यासाठी एक लाँच द्यायचं ठरलं. कुठूनशी एक जुनी होडी आली, एक जुनं डिझेल इंजिन आलं, आणि दोन्ही जोडून, चालवून, जेऊरला पाठवायचं काम आमच्या गळ्यात पडलं. सोलापुरात, जिथं नळाला पाणी यायचं म्हटलं तर माणसं घड्याळ बघत बसतात, तिथं लाँच.

मिस्त्रींना मात्र याचं काहीच वाटलं नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, अक्कलकोटकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. आधी गिरणीच्या इंजिनघरात, मग भीमेवर एका पुलाच्या कामावर, तिथल्या मोटारबोटीवर, आणि गेली अठरा वर्षं आमच्याकडं रोजंदारीवर. अठरा वर्षं रोजंदारी. साहेब आले, साहेब गेले, प्रत्येकानं "तुला कायम करतो" म्हटलं आणि बदली होऊन गेला. कायम नाही म्हणजे रजा नाही, दवाखान्याची सोय नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. घरी बायको, तिला दमा. दोन वर्षांत वय उलटणार. मला ते "धाकले सायेब" म्हणायचे. थोरले साहेब म्हणजे आमचे कार्यकारी अभियंता. माझं वय त्यांच्या मुलाएवढं, त्यांना मूल असतं तर.

कुठंही गेले की या माणसाची नजर आधी आढ्याकडं. न्हाव्याच्या दुकानात, पोस्टात, देवळाच्या सभामंडपातसुद्धा. पंखा बघायचे, कान द्यायचे आणि निकाल सांगायचे. एका लग्नात ते मांडवातल्या उभ्या पंख्यापाशी वाकून ऐकत बसले होते. मुलीच्या वडिलांना वाटलं, वायरमन आला. त्यांनी बंद पडलेल्या दिव्यांची यादी हातात दिली. मिस्त्रींनी एक शब्द न बोलता सगळे दिवे लावून दिले, आणि मग जेवायला बसले. मी विचारलं, अहो, तुम्ही आमंत्रित पाहुणे होता. म्हणाले, "सांगितल्यालं काम न्हाय कसं म्हनायचं?" वर्कशॉपमध्ये मी सांगितलेल्या प्रत्येक कामाला नाही म्हणण्यात यांचं आयुष्य गेलं, ते वेगळं.

आता लाँचच्या पंख्याचं सांगतो. कागदावर आम्ही त्याला प्रोपेलर लिहायचो, तोंडात पंखाच. लाँचच्या मागं पाण्याखाली असतो, तीन पात्यांचा, पितळेचा. माझी समजूत काय? इंजिन चांगलं की लाँच चांगली, पंखा काय, कुठलाही लावा. मिस्त्रींनी माझ्यासमोर एक स्क्रू घेतला आणि लाकडात फिरवला. एका फेऱ्यात स्क्रू जेवढा आत जातो, तेवढा त्याचा घास. पंखाही पाण्यात तसाच शिरतो. पात्याला पीळ जास्त तर घास मोठा, एका फेऱ्यात लाँच जास्त पुढं. पण तो मोठा घास इंजिनाला पेलला पाहिजे. नाही पेलला तर इंजिनाचे फेरे पडतात, डिझेल पुरतं जळत नाही, काळा धूर येतो, इंजिन तापतं आणि लाँच जागची हलत नाही. घास लहान ठेवला तर इंजिन मोकळं फिरतं, लाँच भरली असली तरी चटकन उचलते, ओढते. फक्त रिकामी असताना फार पळत नाही.

त्यांनी दोन पंखे केले. मापाला दोन्ही अठरा इंच, वरून बघितले तर भाऊ-भाऊ. यंत्रमागांचे मोडके पितळी भाग वितळवून, साचा स्वतः करून. एकाचा घास दीड वीत, त्याला म्हणायचे ओढीचा. दुसऱ्याचा दोन वीत, तो वेगाचा. तो का केला, तर थोरल्या साहेबांनी सांगितलं म्हणून. त्यांना लाँच पळायला हवी होती.

हे पंखे म्हणजे एकेक संसार होता. दोन करवतीची पाती धारेवर उभी करायची, त्यावर पंखा आडव्या दांडीत घालून ठेवायचा आणि बघत बसायचं. जड पातं खाली आलं की तेवढंच घासायचं. पुन्हा ठेवायचं. पुन्हा बघायचं. माझ्या टेबलावर "काम किती झालं" म्हणून साहेबांची चिठ्ठी, आणि हे तिकडं कानशीनं तीन वेळा घासून अर्धा तास बिडी ओढणार. मी एकदा म्हटलं, मिस्त्री, एवढ्याशा जडपणानं काय होतंय. त्यांनी माझ्या उजव्या चपलेखाली एक खडा ठेवला आणि म्हणाले, गेटापर्यंत जाऊन या. मी गेलो नाही. पण पंखा घासून होईपर्यंत पुन्हा विचारलंही नाही.

चाचणी हिप्परग्याच्या तलावावर. शहरापासून दोन कोस, पाणी भरपूर. पहिल्या दिवशी कळलं की मिस्त्री लाँचमध्ये बसत नाहीत. पाण्याला भितात. पोहता येत नाही, आणि पुलाच्या कामावर असताना भीमेत काहीतरी बघितलेलं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पंखा बसवताना गुडघाभर पाण्यात उभे राहायचे, तेवढंच. लाँच सुटली की हे काठावर, बाभळीखाली, डोळे मिटून. आवाज ऐकायचे. मी तलावाच्या मध्यावरून परत यायचो तर हे सांगायचे, वळताना इंजिन गुदमरलं होतं. आणि ते खरंच गुदमरलेलं असायचं. काठावर बसलेल्या माणसानं आपल्याला आपल्या इंजिनाबद्दल सांगावं, हे नव्या ओव्हरसियरला किती झोंबतं, ते झोंबलेल्यालाच विचारा.

त्यात ती वाळू. मिस्त्री म्हणाले, रिकामी लाँच चालवून काय बघायचं, चाळीस माणसांचं वजन भरा. चाळीस माणसांची वाळूची पोती. मी स्टोअरकडं मागणी लिहिली. स्टोअरनं उलट विचारलं, लाँचला वाळू कशाला? वाळू बांधकामाला. मी कारण लिहिलं, ते परत आलं. पुन्हा लिहिलं. माझ्या नोकरीतल्या पहिल्या वर्षात मी सगळ्यात जास्त कागद कशावर लिहिले असतील तर त्या वाळूवर. शेवटी पोती आली, मजुरांनी शिव्या देत ती लाँचमध्ये चढवली, आणि ओढीचा पंखा लावून लाँच सुटली. काय सांगू, उचललीच. काठ सोडताच सरळ गेली, धूर नाही, इंजिन आपल्या फेऱ्यांवर. मग तीच पोती ठेवून वेगाचा पंखा लावला. मागची बाजू पाण्यात दबली, काळा धूर, इंजिन भुंकायला लागलं, आणि लाँच म्हशीसारखी जागेवर. पोती काढली तशी तीच लाँच तोच वेगाचा पंखा घेऊन तलावभर पळाली.

एवढं सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही पुढं जे केलं ते केलं.

जानेवारीत निरोप आला की पुण्याचे मोठे साहेब येणार, रविवारी हिप्परग्यावर लाँच बघणार. थोरल्या साहेबांनी मला आत बोलावलं. मिस्त्रींची कायम करण्याची फाइल त्यांच्या समोर होती. ती पुण्याच्या साहेबांच्या सहीसाठी अडली होती, आणि ते म्हणाले की लाँच झकास पळाली तर त्याच दिवशी, तिथंच, सही घेतो. पळाली पाहिजे मात्र. पुण्याच्या साहेबांना वेगाचा फार शौक.

मी धावत मिस्त्रींकडं. म्हटलं, रविवारी वेगाचा पंखा लावायचा. लाँचमध्ये कोण असणार? दोन साहेब, मी आणि चालवणारा. चार माणसं. अशी पळेल की सही करतानासुद्धा साहेब हसत असतील. सोमवारी तुमचा तो ओढीचा परत लावू आणि जेऊरला पाठवू.

मिस्त्री म्हणाले, नाही.

मी समजावलं. रागावलो. अक्षरशः हात जोडले. एका दिवसाचा तर प्रश्न. ते पंखा पुसत म्हणाले, "एकदा का त्यांनी वेग बघितला, तर तोच लावून पाटवा म्हनतील. लेखी. मग चाळीस मानसं बसली की पान्याच्या मधी बंद पडंल. तवा मी काय तितं बसनार हाय?" मी म्हटलं, मी आहे ना, मी बदलून घेईन. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझी उमेदवारी आठवली. साहेबांचं लेखी मोडण्याइतकी माझी छाती नव्हती, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

मी त्यांच्या घरीही गेलो. अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सगळं सांगितलं. त्या बसल्या जागी धापा टाकत ऐकत होत्या. रविवारसाठी नवऱ्याचा पांढरा सदरा त्यांनी तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता, तो खुंटीवर होता. म्हणाल्या, "कायम झालं तर बरं होईल बगा. पन त्यो ऐकतोय का? माजं बी ऐकत न्हाय." मिस्त्री आतून कानडीत काहीतरी म्हणाले. अक्का उठून चुलीकडं गेल्या.

मी घरी आलो आणि रात्रभर मनात भांडलो. एका माणसानं अठरा वर्षं घासून काढली, सही हातभर अंतरावर आली, आणि हा गाढव दीड वितीच्या घासासाठी ती सोडणार. अशा माणसाला मदतही करायची तर त्याच्या नकळत करावी लागते, असं मी ठरवलं. मला आजही वाटतं, हे ठरवताना माझ्या मनात पाप नव्हतं. पण पाप नसणं पुरत नाही.

शनिवारी मिस्त्री कुठल्याशा नातलगाच्या कार्याला अक्कलकोटला गेले. दुपारी मी एका खलाशाला घेऊन हिप्परग्यावर गेलो, लाँच काठावर ओढली आणि पंखा बदलला. स्वतःच्या हातानं. ओढीचा काढून गोणपाटात गुंडाळला, वेगाचा चढवला, नट आवळला. मग आम्ही दोघांनी एक फेरी मारली. काय पळाली! मी एकटाच हसत होतो.

आता माझी चूक ऐका. माझा हिशेब चार माणसांचा होता. जानेवारी, रविवार, तलावाचा काठ, पुण्याचे पाहुणे. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे एवढं ऐकून काय कळायला हवं? हुरडा! मला कळलं नाही. डिप्लोमात नव्हतं ना.

मी सकाळी पोचलो तेव्हा काठावर आगट्या पेटल्या होत्या. थोरल्या साहेबांच्या घरची सगळी मंडळी, त्यांची सासुरवाडी, पुण्याच्या साहेबांच्या बाई आणि दोन मेव्हण्या, हेडक्लार्कचं कुटुंब, मामलेदार कचेरीतले कोणी, सतरंज्या, शेंगाचटणीचे डबे, गूळ, दह्याची मडकी, कोवळ्या कणसांची पोती. मिस्त्री पांढरा सदरा घालून बाभळीखाली. मला बघून मान हलवली, बस. पंखा पाण्याखाली होता. दिसायचं कारण नव्हतं.

हुरडा खाऊन झाला आणि पुण्याच्या साहेबांच्या बाई म्हणाल्या की पलीकडच्या काठाला जाऊन चहा घेऊ या, सगळेच जाऊ. साहेबांच्या बाईंनी सगळेच म्हटल्यावर मागं कोण राहणार? हेडक्लार्क तर आधी चढला. मी थोरल्या साहेबांच्या कानाशी लागलो, म्हटलं, साहेब, आधी थोडी माणसं नेऊ. ते म्हणाले, चाळीस माणसांची लाँच आहे ना? तुम्हीच तर वाळू भरून बघितलीत. काय बोलणार! आमचीच वाळू आमच्याच डोळ्यांत. पस्तीस-छत्तीस माणसं चढली, वर डबे आणि भांडी. आणि एवढी माणसं, त्यात लेकरं, चढलेली बघून मिस्त्री उठले, पायातल्या वहाणा काठावर काढून ठेवल्या आणि लाँचमध्ये चढले. हिप्परग्यावर आल्यापासून त्यांनी एकदाही केलं नव्हतं ते. इंजिनाशेजारी बसले, एक हात कठड्यावर घट्ट.

लाँच सुटली. दहा हात गेली असेल नसेल, मिस्त्रींनी डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. मी नजर पाण्याकडं वळवली.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मागची बाजू दबली, काळा धूर, इंजिन भुंकायला लागलं. पुण्याचे साहेब पुढून ओरडत होते, वाढवा, अजून वाढवा. मिस्त्री चालवणाऱ्याला म्हणत होते, कमी कर, कमी कर, वळव. चालवणाऱ्यानं साहेबांचं ऐकलं. तलावाच्या मधोमध इंजिन तापून वाफेचा फवारा सुटला, आणि बंद पडलं. बायका किंचाळल्या, सगळे एका बाजूला धावले, लाँच कलली. तेव्हा तो पाण्याला भिणारा माणूस उभा राहिला आणि असा गरजला की पुण्याचे साहेबसुद्धा खाली बसले. सगळ्यांना मधोमध, तळाशी, मांडी घालून बसवलं. हेडक्लार्क तापलेल्या इंजिनावर तलावाचं गार पाणी ओतायला निघाला होता, त्याच्या हातातली बादली हिसकावली, नाहीतर इंजिन तिथंच तडकलं असतं. आणि मग वाऱ्यानं आम्हाला हळूहळू, तासभर, उथळ काठाच्या चिखलात नेलं. पुण्याचे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन चिखलातून काठाला आले. मेव्हण्यांना खलाशांनी उचलून आणलं. कोणाला काही झालं नाही. एवढं एक देवानं केलं.

काठावर आल्यावर थोरल्या साहेबांनी विचारलं, वाळू भरून चालली होती ती लाँच आज कशी बंद पडली? चालवणारा म्हणाला, साहेब, पंखा बदललाय, हा वेगाचा आहे. थोरले साहेब आमच्या दोघांकडं वळले.

"पंखा कोणी बसवला?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण आवाज आला नाही. माझी पक्की न झालेली नोकरी, बार्शीतले आईवडील, घरी तीन महिन्यांची गरोदर बायको, सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं. हातभर अंतरावर तो खलाशी उभा होता, तो जमिनीकडं बघत होता.

मिस्त्री म्हणाले, "मी बसवला, सायेब."

फाइल तिथंच मिटली. सही राहिली बाजूला, शनिवारपर्यंत काम संपवून नाव हजेरीवरून कमी करा, असा हुकूम झाला. मिस्त्री मान हलवून बाभळीकडं गेले, वहाणा घातल्या आणि सोलापूरच्या वाटेनं चालायला लागले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो, तो भांडायलाच. म्हटलं, का सांगितलंत तुम्ही असं? मी उद्या जाऊन खरं काय ते सांगणार आहे. मला वाटत होतं ते म्हणतील, तुम्ही लहान आहात, तुमचा संसार आहे. असं काहीतरी ऐकायची माझी तयारी होती, डोळेसुद्धा भरून यायच्या बेतात होते.

मिस्त्री म्हणाले, "मला काडलं तर एक मिस्त्री जाईल. पंखा तर तयार हाय. तुमाला काडलं तर त्यो लावा म्हनून सही कोन करनार? नवा कोनतरी येईल, त्याला वाळूपासनं शिकवायचं. तवर पावसाळा येईल, तिकडं मानसं अडकून बसतील की."

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते! अठरा वर्षं, ती सही, बायकोचा दमा, सगळं त्या माणसानं पंख्यासाठी सोडलं होतं. मला भयंकर संताप आला. अक्का कोपऱ्यात बसून सदऱ्यावरचा चिखल ओल्या फडक्यानं पुसत होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. बघितलं असतं तर मी तसाच साहेबांकडं गेलो असतो, असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

उठताना मिस्त्री म्हणाले, "लाँच तिकडं गेली, मानसं बसली, की मग सांगा काय सांगायचं ते. आदी न्हाय." मी बरं म्हटलं. माझ्या सोयीचंच होतं ते, म्हणून लगेच म्हटलं.

सोमवार ते शनिवार ते रोज हिप्परग्यावर आले. इंजिन उघडलं, जोडलं. ओढीचा पंखा गोणपाटातून काढला, पुन्हा करवतीच्या पात्यांवर ठेवून तपासला, कारण मी तो कुठं आपटला असेन अशी त्यांना शंका होती. होती तर होती, तोंडावर बोलून दाखवली. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून बसवला. शनिवारी चाळीस माणसांची वाळू भरली. लाँच सुटली, उचलली, धूर नाही, सगळा तलाव ओलांडून परत आली. मिस्त्री काठावर, डोळे मिटून. लाँच काठाला लागल्यावर मी विचारलं, कशी वाटली? म्हणाले, "हौदु." कानडीत हो. एवढंच.

त्याच दुपारी चाचणीचा कागद भरायचा होता. लाँच पास, पंखा ओढीचा, भार चाळीस माणसांचा, सगळं मी लिहिलं. खाली एक रकाना होता, पंखा बसवणाऱ्याचं नाव. मी मिस्त्रींचं लिहायला लागलो तर थोरले साहेब म्हणाले, त्या माणसाचं नाव या कागदावर नको, पुण्याला जाणार आहे हा. तुमचं लिहा.

लाँच जेऊरला गेली. माणसं बसली, शेळ्या बसल्या, ज्वारीची पोती गेली, पहिल्या पावसाळ्यात एकदाही ती मध्ये थांबली नाही. हळू चालते म्हणून लोक कुरकुरायचे, तेवढंच. मिस्त्री अक्कांना घेऊन अक्कलकोटकडं गेले, तिथं एका पिठाच्या गिरणीवर लागले असं कळलं. थोरल्या साहेबांची बदली झाली. माझी नोकरी पक्की झाली, त्या कागदाचा त्यात मोठा हात होता. सांगायचं होतं ते मी कोणालाच सांगितलं नाही.

त्या रविवारी काठावर विचारलं तेव्हा पंखा मी बसवलेला होता, आणि मी तसं म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी कागद भरला तेव्हा पंखा मी बसवलेला नव्हता, आणि मी बसवला असं लिहून दिलं. दोन्ही वेळा भलं माझंच झालं.